चौथी केप

सासरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मामंजींनी मला माजघरात बोलावलं आणि पितळेची एक चुन्याची डबी माझ्या हातात दिली. मला वाटलं, पान लावायला सांगतायत. मी परळच्या चाळीत वाढलेली. पान मला धड लावता येत नव्हतं आणि ते कबूल करायची तयारीही नव्हती. डबी उघडली तर आत चुना नव्हताच. तांब्याच्या इवल्या इवल्या टोप्या होत्या, वाटाण्याएवढ्यासुद्धा नाहीत.

"केपा हायत. बंदुकीच्या," मामंजी म्हणाले. "आजपासून तुझ्याकडं. कणगीत तांदळात पुरून ठेव. सर्दावल्या न्हाय पायजेत."

एवढं सांगून ते गोठ्याकडे गेले. मी डबी हातात धरून कितीतरी वेळ तशीच उभी. नव्या सुनेला कोणी बंदुकीचं सामान देतं, हे मी कधी ऐकलं नव्हतं.

आमचं गाव बोर्ली पंचतनपासून चालत दोन तासांवर, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. पुढे भातशेती, मागे रान. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची आणि एका खेपेत शेताचा पार चिखल करून जायची. त्यासाठी सरकारने पीक राखायचा परवाना देऊन मामंजींना बंदूक ठेवू दिली होती. ठासणीची जुनी बंदूक ती. नळीत दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, मग गोळी, आणि हे सगळं गजाने ठासायचं. पण एवढं करूनही ती बंदूक म्हणजे नुसता लोखंडी नळा. घोड्याखाली केप बसवली, की मगच तिच्यात जीव यायचा. चाप ओढला की घोडा केपेवर पडणार, ठिणगी उडणार आणि बार होणार. बंदूक पडवीत खुंटीला, दारूचं शिंग मामंजींच्या पेटीत, आणि केपा घरातल्या बाईकडे, ही त्यांच्या आईपासूनची रीत.

सासूबाई माझ्या लग्नाच्या वर्षभर आधी वारल्या होत्या. ते अख्खं वर्ष बंदूक खुंटीवरून खाली आली नव्हती, हे मला नंतर समजलं. डुकरांनी खालचं खाचर पुरतं खाल्लं, पण घरात केपा द्यायला बाई नाही म्हणून मामंजी पत्र्याचा डबा बडवत बांधावर बसून राहिले. मला हा शुद्ध वेडेपणा वाटला. कणगीतली डबी स्वतःच्या हाताने काढली असती तर कोणी अडवणार होतं का?

माझा स्वभाव नसत्या चौकशा करण्याचा. माझी आई म्हणायची, हिला देवाने दोन तोंडं द्यायला हवी होती, एक जेवायला आणि एक विचारायला. शिकारीच्या दिवशी मामंजी अंगणात उभे राहायचे, मी उंबऱ्यातून तीन केपा त्यांच्या तळहातावर ठेवायची. तिन्ही मोजून घ्यायच्या, कमरेच्या पिशवीत टाकायच्या. परत आले की उरलेल्या माझ्या हातात. दोन परत आल्या तर एक बार झाला असला पाहिजे. हिशेब जुळला नाही तर बंदूक अंगणातच. घोडा उचलून, नळी तपासून मगच आत. एकदा एक कमी भरली, तर मामंजी भर उन्हात अंगणात बसून राहिले. शेवटी ती पिशवीच्या शिवणीत सापडली. मी पोटभर हसले. ते नाही हसले.

"मामंजी, बंदूक तुमची, मग केपा माझ्याकडे का?" मी विचारायची.

"तशीच रीत हाय."

"पण का?"

चार-पाच महिने मी त्यांच्या पाठीस लागले होते. एकदा भाकरी खाताखाता त्यांनी आपणहून उत्तर दिलं. "रानात जानाऱ्याला घाई झालेली असती. घरात ऱ्हानाऱ्याला नसती. म्हनून."

तेव्हापासून मला त्या रीतींची गोडीच लागली. हाका घालायचा म्हणजे काय, मी विचारून घेतलं. दहा-बारा माणसं ढोल-डबे वाजवत खालून रान उठवतात, आणि बंदूकवाला वर वाटेवर बसलेला असतो. जनावर त्याच्याकडे येताना बार टाकायचा नाही, कारण जनावराच्या मागे माणसं आहेत. ते बंदुकीला ओलांडून पाठीकडे गेलं की मगच. झाडावर बसायचं तर आधी माणूस रिकाम्या हाताने चढणार, मग दोरी सोडून बंदूक वर घेणार, दस्ता आधी. केप बसल्या जागी लावायची, त्याआधी नाही. यामुळे निम्मी जनावरं निसटून जायची, आणि मामंजींना त्याचं काही वाटायचं नाही.

आमच्या ह्यांना वाटायचं. हे मुंबईत गिरणीत होते, सणावाराला बोटीने दिघीला उतरून यायचे. त्यांना सिनेमाचा भारी नाद. लग्नानंतर गावी येण्याआधी मी दोन महिने मुंबईत होते तेव्हा त्यांनी मला शिकारीचं एक इंग्रजी चित्र दाखवलं होतं. त्यातला हॅटवाला बंदूक अशी काही हाताळायचा, जणू ती त्याच्या हातालाच फुटलेली आहे. चाप धरून झाडावर चढायचा, पळता पळता मारायचा, मारल्यावर वळून हसायचा. खरं सांगते, मलाही तो आवडला होता. भाषेचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी डोळे मिटवत नव्हते.

लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीला हे आले आणि मामंजींनी पहिल्यांदाच सांगितलं की या खेपेला बार पोरगा टाकील. ह्यांच्या चेहऱ्यावर काय आनंद पसरला! शिकारीच्या सकाळी मी चुलीशी होते. हे आत आले, आवाज खाली करून म्हणाले, "एक केप जास्तीची दे."

"मामंजींना तीन देणार आहे ना."

"ते जागेवर बसल्याशिवाय देणार नाहीत. मागच्या साली डुक्कर समोरून गेलं आणि आम्ही केप बसवत होतो. त्या चित्रात बघितलंस ना, तो बंदूक तयार ठेवूनच चालतो. जनावर काय आपल्यासाठी थांबून राहणार?"

बोलणं चुकीचं वाटत नव्हतं. पण मी केप दिली ती त्यासाठी नाही. चार दिवसांनी हे परत जाणार होते, आणि मला त्यांनी तो हॅटवाला व्हायला हवा होता. ते वळून हसतील आणि ते हसू माझ्यासाठी असेल, एवढाच माझा विचार. मी कणगीत हात घातला, एक केप काढून त्यांच्या मुठीत दिली. मग बाहेर येऊन मामंजींच्या तळहातावर तीन ठेवल्या. त्यांनी नेहमीसारख्या मोजल्या.

दिवस चढला तेव्हा मी खाचरात कापणीला होते. रानातल्या हाक्याचा क्रम मला आता पाठ झाला होता. आधी खालून ढोल उठणार, मग आरडाओरडा वर सरकत जाणार, मग शांतता, आणि मग बार. त्या दिवशी ढोल वाजायच्या आधीच बार झाला.

शेजारच्या बायकांनी मान वर केली, पुन्हा कापायला लागल्या. मी विळा खाली ठेवला. मी तिथेच बांधावर बसले. सासऱ्याचा की नवऱ्याचा, कोणाचा जीव मी घालवला एवढंच कळायचं बाकी होतं.

मामंजी स्वतःच्या पायांनी चालत आले. डोक्याला मुंडासं गच्च दाबलेलं, खांदा रक्ताने भिजलेला, उजवा गाल दारूने काळा झालेला. झालं ते असं. झाडाशी पोचल्यावर ह्यांनी दोरीचं मनावर घेतलंच नाही. चित्रातल्यासारखे बंदूक हातात घेऊन चढले. एका वेलीत घोडा अडकला, ओढला गेला आणि सुटला. नळीचं तोंड खाली होतं. गोळी मामंजींच्या उजव्या कानाची पाळी फाडून जमिनीत गेली. बोर्लीच्या डॉक्टरांनी पाळीला टाके घातले आणि सांगितलं, या कानाने आता ऐकू येणार नाही.

बोर्लीहून परत आल्यावर मामंजी पडवीत बसले आणि कमरेची पिशवी सोडून तीन केपा घोंगडीवर मांडल्या.

"तीन नेल्या, तीन आनल्या. बार एक झाला," ते म्हणाले.

हे खांबाला टेकून खाली बघत होते. मी वाट पाहिली. आता बोलतील, मग बोलतील. त्या घटकेला मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा पुढे आयुष्यात कधी आला नाही, आणि तसे प्रसंग काही कमी आले नाहीत.

"चौथी मी दिली," मी म्हणाले.

मामंजींनी डावा कान माझ्याकडे केला. मला पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्याने.

"तिन्ही केपा माज्या कमरेला होत्या," ते सावकाश म्हणाले. "म्हनून मी झाडाखाली हुबा ऱ्हायलो. न्हायतर हुबा ऱ्हायलो नसतो."

रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त हात पुढे केला. मी आत जाऊन कणगीतून डबी आणली आणि त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी आपल्या पेटीत ठेवली.

हे मुंबईला गेले. बंदूक खुंटीवर राहिली. कापणी संपेपर्यंत मामंजी पुन्हा पत्र्याचा डबा घेऊन बांधावर बसले, आता एका कानाने डुकरांची चाहूल घेत. डावीकडची कळायची, उजवीकडची कळायची नाही. घरात बाई नव्हती तेव्हा ते असेच बसले होते. आता बाई होती, आणि तरी बसले होते. मी रोज कणगीत हात घालून तांदूळ काढायची, आणि हात कोपरापर्यंत घातला तरी तिथे तांदळाशिवाय काही लागायचं नाही.

शिमगा झाल्यावर बोर्लीच्या मैदानात तंबूतला सिनेमा आला. शिकारीचं चित्र आहे असं कळलं. मामंजींनी जन्मात सिनेमा पाहिला नव्हता, पण ह्यांच्या हॅटवाल्याचं त्यांनी माझ्याकडून ऐकलं होतं. मला म्हणाले, "चल. ज्याच्यापायी माजा कान गेला तो मानूस बघू तरी."

"तो इंग्रजी होता मामंजी, हा हिंदी आहे. माणूस वेगळा."

"हॅट हाय का त्याला?"

"आहे."

"मंग तोच."

दिवेलागणीच्या खेळाला आम्ही बैलगाडीने गेलो. तंबूत मधोमध दोरी बांधली होती, एकीकडे पुरुष, दुसरीकडे बायका. मामंजी दोरीला लागून असे बसले की त्यांचा डावा कान माझ्याकडे येईल. मी दोरीच्या अलीकडे.

मला वाटलं होतं, ते चिडतील, उठून जातील. ते तर पुढे झुकून एकेक गोष्ट निरखत होते. लहान मूल नव्या खेळण्याकडे बघतं तसे. पडद्यावर ढोल वाजायला लागले, झाडीतून वाघ आला, आणि हॅटवाल्याने सरळ ढोलांच्या दिशेने बार टाकला. तंबूत शिट्ट्या झाल्या.

"म्होरं मानसं हायत," मामंजी मला म्हणाले. एक कान गेल्यापासून त्यांना स्वतःच्या आवाजाचा अंदाज राहिला नव्हता. "म्होरं मानसं, आनि हा म्होरंच मारतो."

पुढे हॅटवाला बंदूक हातात घेऊन झाडावर चढला. पुन्हा टाळ्या. मामंजींचा हात नकळत फाटक्या पाळीकडे गेला. मी पडद्याकडे बघायचं सोडून दिलं होतं.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "याच्या घरात केपा कोन ठेवतं?"

आजूबाजूची माणसं हसली. मी दोरीवरून वाकून म्हणाले, "ती काडतुसाची बंदूक आहे मामंजी. तिला केप लागत नाही."

"मी बंदुकीचं न्हाय इचारत. घरातलं इचारतो."

मी पडद्याकडे पाहिलं. त्या माणसाला घोडा होता, तंबू होता, नोकर होते. गाणं म्हणणारी एक मुलगीही होती. पण तो निघताना उंबऱ्यात उभं राहून त्याच्या हातावर काही ठेवणारं, परत आल्यावर मोजून घेणारं असं कोणी चित्रात नव्हतं.

"कोणी नाही दिसत," मी म्हणाले.

"मंग बिचाऱ्याचं काय खरं न्हाय," मामंजी म्हणाले. त्यांना खरोखरच त्याची कीव आली होती. उरलेलं चित्र त्यांनी काळजीनेच पाहिलं.

रात्री उशिरा आम्ही घरी पोचलो. सकाळी मी भातासाठी तांदूळ काढायला कणगीत हात घातला आणि बोटांना थंड पितळ लागलं. मी डबी तिथेच चुलीसमोर बसून उघडली. केपा होत्या तेवढ्या होत्या, आणि त्यांच्यात एक जास्तीची, चेपून फाटलेली, काळी पडलेली. बार झाल्यावर ती बंदुकीवरून काढून त्यांनी जपून ठेवली होती.

ती मी फेकली नाही. पुढे कितीतरी वर्षं मामंजी अंगणात उभे राहून डावा कान घराकडे करायचे, मी डबी उघडायची, आणि तीन चांगल्या केपा निवडताना दर खेपेला आधी तीच माझ्या हाताला लागायची.