तिळगूळ घ्या, चूळ भरा

सज्जनहो, हातातला चहा खाली ठेवा. निवेदन अत्यंत गंभीर आहे. आमचे जंतूकाका सिंगापूर सोडून गेले, आणि बुकित पंजांगमधल्या समस्त मराठी तोंडांवरचा पहारा उठला. आता वाटेल तितकं गोड प्यावं, कोणी विचारणार नाही. मला मात्र करमत नाही.

काका मूळचे नागपूरचे, आमच्याच इमारतीत दोन मजले खाली राहायचे. दात किडवणाऱ्या जंतूंवर संशोधन हे त्यांचं काम. खिशात पेनाच्या जागी छोटा टॉर्च. आपण हसलो की लोक आपला चेहरा बघतात, काका वाकून दाढा बघायचे. जंतूंना ते 'आमची मंडळी' म्हणत. "काल मंडळींना साखर घातली, काय खूश झाली हो!" हे ते नेमकं आपण श्रीखंड वाढून घेताना सांगत.

साखरेपेक्षा त्यांचा राग घोटांवर. माझी लेक सानिका बबल टीचा एक पेला दुपारभर पुरवते. काकांनी डोळे वटारले, तशी ती अस्सल सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "हाफ शुगर ओन्ली लाह, अंकल!"

"अगं, प्यायचंच तर पाच मिनिटांत पी आणि मोकळी हो! तू घोटघोट घेतेस, म्हणून मंडळींची पंगत उठतच नाही. खातात काय, तिथेच ॲसिड सोडतात काय!"

संक्रांतीच्या कार्यक्रमाला तर ते दारातच उभे. एका हातात तिळगूळ, दुसऱ्या हातात पाण्याचा कागदी पेला. "तिळगूळ घ्या, चूळ भरा!" बेसिन एक आणि पैठण्या तीस. गुळण्यांची रांग लिफ्टपर्यंत गेली.

त्याच दिवशी माझा घात झाला. मुलांना दाखवायला काकांना कोणाच्या तरी दातांवरचा थर हवा होता. पुढे कोण जाणार? अर्थात मी! ऐटीत आ केला. काकांची काडी खालच्या दातांच्या मागे गेली आणि थबकली. त्यांनी तो थर मुलांना दाखवला. नंतर लिफ्टपाशी गाठून हळूच म्हणाले, "साहेब, हा डाग चहाचा नाही."

आता कबूल करतो. सहा वर्षांपूर्वी देवापुढे दिवा लावून मी बायकोला सांगितलं होतं, सिगरेट सुटली. तेव्हापासून ती माझं उदाहरण साऱ्या माहेराला देते. आणि मी? रोज जेवण झाल्यावर जुरोंग ईस्टच्या ऑफिसखाली, सिगरेटवाल्यांसाठी आखलेल्या पिवळ्या चौकोनात हजर. मग वास मारायला पेपरमिंट, वर गोड कोपी, म्हणजे इथली कॉफी. हे कळलं असतं तर घरात माझ्या शब्दाला कोणी विचारलं नसतं.

काकांनी सगळं ऐकून हात जोडले. "धन्य आहात! तंबाखूने मंडळी दाताला आणखी घट्ट चिकटतात, थर जाड होतो. म्हणजे आधी गादी घालायची, मग पेपरमिंट वाढायचं आणि वर कोपीचा आग्रह! एवढा पाहुणचार आमच्या लॅबमध्येसुद्धा होत नाही."

"काका, पाया पडतो, हिला सांगू नका."

"माझ्या तोंडून शब्द निघणार नाही. पण मी नागपूरला परत जायच्या आत सोडायची."

चार महिने होते. काकांनी आधी मला दात साफ करून घ्यायला पाठवलं. मग रोज बरोबर एक वाजता त्यांचा फोन.

"कुठे आहात?"

"जागेवर."

"चौकोन?"

"रिकामा."

"शाब्बास. चूळ भरा."

दोनदा घसरलो. ते रागावले नाहीत. "मंडळी खूश झाली असतील," एवढंच म्हणाले. ते फार लागलं. तिसऱ्यांदा घसरलो नाही.

निघायच्या दिवशी इमारतीखाली आम्ही सगळे जमलो. टॅक्सी उभी, डोळे ओले. बायकोने लाडवांचा डबा दिला आणि स्वतःच बजावलं, "काका, खाल्ल्यावर चूळ!" काकांनी मान डोलावली आणि टॉर्च काढला. "साहेब, आ करा."

सर्वांदेखत आ केला. त्यांनी दातांच्या मागे एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. नवा डाग नव्हता. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. चार महिने शब्द पाळणारा हा माणूस आनंदाने सगळं विसरला, माझ्या बायकोकडे वळला आणि साऱ्या इमारतीला ऐकू जाईल असा ओरडला,

"वहिनी, पेढे वाटा! साहेबांनी सिगरेट सोडली!"