डवरा फिरवलेली माती

त्या सोमवारी दुपारी कोळशाच्या खाणीचा कठडा, म्हणजे काठाची उभी भिंत, खचला. कठड्यासोबत कपाशीच्या काही ओळी खाली गेल्या आणि तिथं कापूस वेचणारी शेवंताबाई गेली. वणीकडच्या त्या खाणीत मी साहेबांच्या हाताखाली सर्व्हेचं काम करत होतो.

तोवर साहेबांची ओळख म्हणजे त्यांचा डावा हात. शेजारचा माणूस कशाच्याही काठाशी गेला की तो हात त्याच्या छातीआड यायचा आणि साहेब म्हणायचे, "मांगं सरा." खाणीत ते ठीकच होतं, कठड्याच्या भेगा पाहणं आणि माणसं वेळेत मागे घेणं हेच त्यांचं काम. पण तो हात त्यांच्याबरोबर सगळीकडे जायचा. एका लग्नात त्यांनी स्टेजच्या कडेला उभ्या नवरदेवालाही अडवलं. मुलाचा मामा म्हणाला, "साहेब, आता काहून अडवता? तो त पडलाच समजा!" सगळ्यांत मोठ्यानं साहेबच हसले.

ते राळेगावकडच्या शेतकऱ्याचे चिरंजीव, मी यवतमाळच्या कारकुनाच्या घरातला. भेगा वाचायला मला त्यांनीच शिकवलं. "उनानं उललेली जमीन जाळ्यावानी फाटते. काठाच्या संगं सरय चालली भेग, त तिथं थांबाचं नाही."

खाणीच्या कुंपणाला लागून शेवंताबाईचं वावर होतं. कठडा पुढे सरकला की साहेब कुंपणही तिच्या वावरात सरकवत. ती धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ओरडायची, "साहेब, तुमचं मांगं मांगं आयकून माहं वावर पार गावात येऊन राह्यलं! उद्या चुलीपाशी कुंपण घालान!" साहेब ओशाळून हेल्मेट काढत आणि डोकं खाजवत.

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. कठड्यातून पाणी पाझरत होतं, म्हणून साहेबांनी पावसाळ्यातच तिच्या वावरातली काठची पट्टी जाण्यायेण्याला बंद केली होती. पट्टीतली बोंडं फुटली तशी शेवंताबाई ऑफिसात आली. वेचणीच्या पहिल्या दिवशी बाया कपाशीच्या झाडाला दहीभात वाहतात. त्याला सीतादही म्हणतात. तिची सासू ती पूजा काठच्या ओळीतच करायची.

"भाव नसन त नसो. सीतादही त करा लागन ना?"

साहेब मला घेऊन तिथं गेले. ओळीओळीतून चालले, वाकून पाहिलं. माती मऊ होती, सारखी होती. भेग कुठंच नव्हती.

"एक दिवस येचून घ्या, वैनी. म्या पाह्यलं," ते म्हणाले.

नंतर कळलं, आम्ही जाण्याआधी तिच्या नवऱ्यानं त्या ओळींत डवरा फिरवला होता. पाऊस थांबला की ओल टिकावी म्हणून इकडे बैलांच्या डवऱ्यानं, म्हणजे कोळप्यानं, भेगा बुजवतात. भेग होती. मातीखाली होती.

चौकशीत साहेबांवर ठपका आला नाही. त्यांनी तो स्वतःच ठेवून घेतला. "माहा बाप जनमभर डवरा हाकत होता," ते मला म्हणाले. "माती भुसभुशीत दिसली तवाच इचारा लागत होतं." मी तेव्हा मनाशी म्हटलं होतं, माझ्यासारख्या शहरातल्या माणसाला डवरा कुठून कळणार. तेवढ्यावर मी बरीच वर्षं झोपलो. आता झोप येत नाही.

"मांगं सरा" ते पुन्हा म्हणाले नाहीत. हात तेवढा यायचा, न बोलता.

दर वर्षी सीतादहीच्या सुमारास ते शेवंताबाईच्या घरी जात. मीही सोबत जाई. तिचा नवरा खुर्ची द्यायचा, साहेब खाली बसायचे. चहा यायचा. मग तो म्हणायचा, "डवरा त म्या मारलता, साहेब."

"पाह्यलं म्या."

"तुमाले दिसन कसं? बुजवलं त म्या."

"मले दिसाले पायजे होतं."

दोघांपैकी कोणीच हटत नसे. शेवटी तो म्हणायचा, "च्या थंडा करून राह्यले तुमी." साहेब कप उचलायचे. निघताना ओट्याच्या कडेशी तो उभा असला, तर साहेबांचा हात त्याच्या छातीआड जायचा. तो एक पाऊल मागे सरायचा.

साहेब गेल्या वर्षी वारले. यंदा मी एकटाच गेलो. त्यानं खुर्ची दिली. मी खाली बसलो. डवऱ्याची गोष्ट त्यानं काढली नाही. ती गोष्ट ज्याच्याशी बोलायची तो माणूस आता नव्हता.

ते वावर आता खाणीत आहे. कुंपण गावाच्या रस्त्यापर्यंत आलं आहे. डवरा त्याच्या ओट्याच्या भिंतीला टेकवलेला आहे.