टेबलावरची विहीर

रविवारी दुपारी मलकापूरला आमच्या टेबलावर एक विहीर निघाली, तीही नको त्या दिवशी.

आमचा चौघांचा खेळ असतो. माझ्या मेडिकलच्या वरच्या खोलीत रविवारी बसतो. प्रत्येकाचं कागदावर लिहिलेलं एक पात्र, हातात फासे, आणि गोष्ट पुढे नेणारी मी. पुण्यात हॉस्टेलला शिकले हा खेळ आणि इथे येऊन शाळेतल्या तीन मित्रांच्या गळ्यात मारला.

यात काही पात्रं सुरुवातीला कुलूपबंद असतात. सगळ्यांनी मिळून एखादी कामगिरी पार पाडली तरच नवं पात्र खुलतं. एकट्याने कितीही तलवार गाजवा, उपयोग शून्य.

आता मिळून काम करायचं म्हणजे आमची बोंबच. कारण धनाजी आणि विक्रम. सख्खे चुलतभाऊ, एका बाइकवरून यायचे. उन्हाळ्यापासून दोन बाइकवर येतात आणि एकमेकांशी बोलतात ते माझ्यामार्फत. "ह्याला सांग, तुझी पाळी आली." समोरासमोर बसून! कधी कधी दोघांच्या टाळक्यात फासे मारावेसे वाटतात.

भांडण सामायिक विहिरीचं. धनाजीचं आल्याचं पीक, विक्रमचा ऊस, पाणी एकच. कुणी कुणाच्या पाळीला मोटार चालू केली, यावर घरातली मोठी माणसंही बोलायची थांबली. सोमवारी विक्रम वकिलाकडे जाणार हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. एकदा केस उभी राहिली की दोन्ही घरं यांना एका टेबलावर बसू देणार नाहीत, हे मलाही कळत होतं. मित्र जाणार होते माझे… खेळाचं सोडा.

आणि नेमकी त्याच रविवारी गोष्टीत विहीर. खेळाच्या पुस्तकातच तशी होती, मी काय करू… तळाशी वेताळाने एका पाणाड्याला कोंडलेलं. जमिनीतलं पाणी ओळखणारा माणूस. त्याला जिवंत वर काढला की ते पात्र आमचं. एकाने उतरायचं, एकाने दोर धरायचा.

धनाजीचं पात्र पैलवान, म्हणजे दोर त्याच्याकडे. विक्रमचं चपळ, म्हणजे उतरणार तो. सरळ हिशोब.

"ह्याला सांग," विक्रम माझ्याकडे बघत म्हणाला, "माझ्या पाळीला मोटार चालू करणाऱ्याच्या हातात मी दोर देणार न्हाई."

"मग ह्यालाबी सांग, माझं आलं कुणामुळं सुकाय लागलंय ते."

रेश्मा, आमची तिरंदाज, शांतपणे आपले फासे पर्समध्ये भरायला लागली. "मी चालले. तुमी खेळा नायतर कोर्टात जावा."

मग विक्रमने खाली बघतच म्हटलं, "उतरतो."

रेश्मा परत बसली. विक्रम तळाला पोचला, पाणाड्याला कमरेला बांधलं, आणि वर वेताळाने धनाजीला मागून गाठलं. मी नियम सांगितला. दोन्ही हात दोरात आहेत. लढायचं तर दोर सोडावा लागेल.

"दोर," धनाजी म्हणाला.

वेताळाचे फासे मी टाकले. जबर घाव. पुन्हा विचारलं. "दोर." पुन्हा घाव. रेश्माचे दोन बाण वाया गेले. हा पैलवान धनाजीने पहिल्या दिवसापासून जपलेला, साध्या लुटुपुटीच्या मारामारीतही त्याला मागे ठेवायचा. आता आणखी एक घाव आणि संपला. फासा हळूच उलटवावा असंही मनात आलं… पण सगळे टक लावून बघत होते.

"धन्या, सोड दोर! मरशील लेका!"

विक्रम. थेट धनाजीला. किती महिन्यांनी…

"गप वर ये," धनाजी म्हणाला. मग मला म्हणाला, "दोर खांद्यावर घेतो आन् धावंवरनं खाली पळतो. मोटंच्या बैलागत."

यांच्या विहिरीवर जुन्या मोटेची धाव अजून आहे. बैल त्या उतारावरून खाली जायचे तशी मोट वर यायची. लहानपणी दोघं तिथेच घसरगुंडी खेळायचे. पण माझ्या पुस्तकात असं काही नव्हतं. मी पान उलटून बघितलं, मग पुस्तक मिटलं आणि म्हटलं, चालेल. तिघांनी एकदम फासे टाका, बेरीज मोठी यायला हवी.

तीन फासे घरंगळले. विक्रमचा एक टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि थांबला. बेरीज जमली… जेमतेम.

विक्रम वर आला, पाणाड्या वर आला. पैलवान धावेच्या टोकाला पडला तो उठला नाही.

रेश्मा टाळ्या वाजवायला लागली आणि मध्येच थांबली. धनाजी आपल्या पैलवानाच्या कागदाकडे बघत बसलेला. विक्रमने पाणाड्याचा कागद उचलून त्याच्यापुढे ठेवलं.

"उद्या जात न्हाई मी वकिलाकडं," तो म्हणाला. "बुधवारची पाळी तू घे. आलं लय सुकलंय तुझं, येताना बघितलं."

"आन् तुझा ऊस?"

"बसून ठरवू की गड्या."

गेले मात्र दोन बाइकवरूनच. वाद काही मिटलेला नाही. दोन्ही घरची माणसं अजून फुगलेलीच आहेत, आणि पाणी काही रातोरात वाढत नाही.

पण काल दोघांचा फोन आला, एकाच मोबाइलवरून. शनिवारी विहिरीवर बसतायत पाळ्या ठरवायला. "तू मधी बस, नियम सांगायला." मला म्हणे!

जाणार आहे. फक्त एक गोष्ट त्यांना माहीत नाही… मी एरवी नियमाला फार कडक. त्या दिवशी 'पुस्तकात नाही, चालणार नाही' हे अगदी ओठावर आलं होतं. देवाच्या दयेने ते गिळलं.