वर्दीचं कापड

दिनूभाऊ कुणालाही भेटला की आधी त्याच्या बाहीचं कापड अंगठा आणि बोटात धरून चोळायचा, मग रामराम करायचा. विणकराच्या घरचा माणूस, त्यात गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानात माझ्या शेजारच्या गादीवर बसणारा. सवय जाणार कशी?

चाळिशीला टेकल्यावर हा गडी राखीव पलटणीत भरती झाला. आपला कामधंदा सांभाळायचा, वर्षातून काही आठवडे कामठीला सराव करायचा आणि बोलावणं आलं की जायचं, अशी ती पलटण.

"काहून गा, या वयात?" मी विचारलं.

"बाबाले फौजेत जाचं होतं. माग सोडून जाता नाही आलं. मले जाता येते, म्हणून."

पहिल्याच दिवशी वर्दी हातात पडली आणि यानं ती चोळून पाहिली. "उस्ताद, यात पॉलिस्टर जास्त हाय." कवायत घेणाऱ्या त्या उस्तादांनी त्याला मैदानाभोवती पळवलं. हे सांगताना तो पोट धरून हसायचा. "पण अंगात घातली नं, मंग बोटाले काही समजत नाही गा," एवढं मात्र न हसता सांगायचा.

आमच्या दुकानाच्या शेठनं दिनूभाऊचा वर्दीतला फोटो गल्ल्याच्या वर टांगला. फोटो पाहून गिऱ्हाईक घासाघीस करायला लाजतं, एवढंच शेठचं देशप्रेम. सरहद्दीवर तणाव वाढला, दिनूभाऊला बोलावणं आलं, तेव्हा याच शेठनं त्याला हार घातला. "तुही जागा कुठं जात नाही," असं सगळ्यांसमोर म्हणाला. जिभेला हाड नव्हतं लेकाच्या. काही महिन्यांनी दिनूभाऊ परतला, तर गादीवर शेठचा भाचा. दिनूभाऊला गोदामात गठ्ठे बांधायला धाडलं.

माझं डोकं फिरलं. मी शेठला जाब विचारला. "मंग का दुकान बंद ठेवाचं होतं मी?" म्हणे. आणि दिनूभाऊ म्हणायचा, "हुकूम हाय, पाळाचा." मला त्याचाही राग यायचा. शेठ काय पलटणीतला साहेब होता, त्याचा हुकूम पाळायला?

दिवाळीच्या तोंडावर एकदा तो सरावावरून थेट दुकानात आला, वर्दीतच. शेठ गादीवरून उठला. त्यानं दिनूभाऊची बाही दोन बोटांत धरली आणि चोळली.

"माल चांगला हाय. दिवाळीपर्यंत असाच दारात उभा राह्य. गादी तुले वापस."

दिनूभाऊनं ती बोटं एकेक करून सोडवली. इतका लाल झालेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"शेठ, मी कापड विकतो. हे विकाचं नाही."

मग स्टुलावर चढला, आपला फोटो काढून काखेत मारला आणि चालता झाला.

आता कामठीला त्याचं लहानसं दुकान आहे. बोलावणं आलं की गादीवर वहिनी बसतात. इकडे शेठ अजून त्या रिकाम्या खिळ्याकडे बोट दाखवून गिऱ्हाइकाला सांगतो, "आमचा एक माणूस फौजेत हाय."

तेव्हा मी हातातलं कापड टर्रकन फाडतो. शेठ पुढं काय बोलतो, ते कुणाला ऐकू येत नाही.