दार धरणाऱ्या मुली

शीतलच्या वडिलांचा फोन आला तेव्हा मी तिच्यावर चिडलेलीच होते. मेसेजला उत्तर द्यायला काय होतं या बाईला? कावीळ झाली म्हणून ती सोलापूरला घरी परतली होती, आठवड्याभरात उठेल असं मी धरून चालले होते. काका म्हणाले, "आपली शीतल न्हाय ऱ्हायली, पोरी." त्याला आता काही आठवडे झाले. राग तसाच आहे, तो कुणावर काढायचा तेवढं कळत नाही. हे लिहितानासुद्धा मी दहादा उठलेय...

आम्ही दोघी सोलापूरच्या. ती भवानी पेठेतली. वडील बिघडलेले यंत्रमाग दुरुस्त करणारे. विधिमंडळात धोरण-संशोधन आणि मूल्यमापनाच्या प्रशिक्षणाला आमची एकत्र निवड झाली आणि आम्ही एकाच खोलीत राहू लागलो. एखादी योजना लोकांपर्यंत खरंच पोचली का ते बघायचं आणि सदस्यांसाठी एका पानाचं टिपण लिहायचं, हे काम. बाकीचे फोनवरून माहिती मागवायचे. शीतलच्या पायाला भिंगरी, ती बॅग भरायची. कुठल्याही शाळेत किंवा वसतिगृहात गेलो की आमच्यासमोर चहा-पोहे यायचे. ही बशीला हात लावायच्या आधी विचारायची, "मुलींचं बाथरूम कुटं हाय?" पाहुण्यांचं दाखवलं तर तिकडे जायची नाही. मी चिडवायचे, तेव्हा म्हणायची, "पोहे सगळीकडं चांगलेच असत्यात की. त्यावरनं काय कळतंय?"

माढा तालुक्यातल्या एका वसतिगृहात खाटा, गाद्या, पंखे, सगळं जागच्या जागी होतं. तरी मुली महिनाभरात घरी परतायच्या आणि मग शाळाही सुटायची. अधीक्षक म्हणाले, मुलींना घरची ओढ फार. शीतल बाथरूमला गेली ती लवकर येईना, म्हणून मी बघायला गेले. एक मुलगी दोन्ही हातांनी दार ओढून धरून उभी होती.

"आत ताई हायत्या. दाराला कडी न्हाय. आमी असंच करतो, एकीनं जायाचं, एकीनं धरायचं."

"आणि धरायला कुणी नसलं तर?"

"मग न्हाय जायाचं."

पोरी पाणीच पीत नव्हत्या.

परत आल्यावर आमचे वरिष्ठ म्हणाले, कडी हा देखभालीचा विषय, धोरणाचा नाही. शीतल त्यांच्या टेबलासमोरून हललीच नाही. "सर, त्या कडीपायी पोरींची शाळा सुटतीय. मग धोरण कशाला म्हणायचं?" शेवटी कडीचं वाक्य टिपणात राहिलं, एका सदस्याने सभागृहात प्रश्न विचारला, आणि कड्या बसवू असं उत्तर आलं. ती नाचायचीच बाकी होती. पण उत्तरावर विसंबेल ती शीतल कसली? अंथरुणावरून तिने मला सांगितलं होतं, "मला उठू दे, मग दोघी जाऊन बघू."

ती उठली नाही. मग मीच निघाले. भवानी पेठेत काकांना सांगायला गेले, तर ते म्हणाले, "मी बी येतो." त्यांनी हत्यारांची पिशवी खांद्याला लावली. ती पिशवी घेतल्याशिवाय ते घराबाहेर पडत नाहीत.

वसतिगृहात कड्या बसल्या होत्या. नव्या, चकचकीत, प्रत्येक दाराला. आणि प्रत्येक कडी बाहेरून. अधीक्षक म्हणाले, "आदेश आला तसं काम केलंय, मॅडम. फोटोही पाठवलेत." शीतलने त्यांना उभं-आडवं घेतलं असतं.

अधीक्षकांकडे न बघता काकांनी स्क्रू ड्रायव्हर काढला आणि पहिली कडी सोडवली. दुपारभर एकेक कडी काढून ते आतल्या बाजूने बसवत राहिले. मुली भोवती जमून बघत होत्या. शेवटच्या दारापाशी ते मला म्हणाले, "जा, लावून बघ."

मी आत गेले, कडी लावली. मुली पांगल्या, त्यांचे आवाज लांब गेले. थोड्या वेळाने बाहेरून काकांनी विचारलं, "नीट बसली का गं?"

"बसली," मी म्हणाले.

"मग ऱ्हा थोडी आतच. मी हाय हितं."

शीतल गेल्यापासून माझे पाय पहिल्यांदा एका जागी थांबले होते. मी तोंडावर ओढणी धरली आणि पोटभर रडले. दाराच्या पलीकडे काकाही रडत होते.