पोटरीतला गोळा आणि डॉक्टरांचा प्रश्न

मंडळी, आज सकाळी डॉक्टरांकडे गेलो होतो. तीन महिने मॅग्नेशियमच्या गोळ्या घेतोय, तरी पोटरीत गोळे यायचे थांबत नाहीत.

त्यांनी पाय तपासले आणि विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास होता?"

होता. ऐंशी सालच्या सुमारास आमचे पप्पा भुईगावच्या वाडीत केळींना पाणी लावताना पोटरी धरून खाली बसायचे. आई तेल चोळायची. मॅग्नेशियमचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. एका रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत त्यांनी गुडघे टेकले आणि त्यांना उठताच येईना. मी तेव्हा दहावीत होतो. मित्रांसमोर लाज वाटली म्हणून मागच्या बाकावर तसाच बसून राहिलो. दुसऱ्यांनी त्यांना उचललं. वर्षभरात त्यांचं चालणं बंद झालं.

हे ऐकून डॉक्टर हळूच म्हणाले, "नसांचा आजार वाटतोय. वडिलांकडून आलेला असू शकतो. तपासण्या करू, पण यावर औषध नाही."

माझी मुलगी एकोणतीस वर्षांची आहे. गेल्याच आठवड्यात म्हणाली, "पप्पा, माझ्याही पायात गोळे येतात हल्ली."

आता ती कामावरून येईल आणि डॉक्टर काय म्हणाले ते विचारेल. तिला काय सांगू?