मागच्या दाराची कडी

हसणार नसाल तर सांगते. म्हणजे हसालच तुम्ही, पण निदान चहाचा घोट तोंडात असताना तरी हसू नका.

मी ताडकळसची. दुपारी घरात सामसूम झाली की स्वयंपाकाचे व्हिडिओ करून टाकते. धपाटे, आंबाडीची भाजी, असलं साधंच. बघणारे पाच-सहाशे, त्यातले निम्मे माहेरचे. पण तेवढंच माझं स्वतःचं होतं हो!

एके दिवशी एक कमेंट आली. नाव 'शुभचिंतक'. फोटोच्या जागी सूर्यफूल. लिहिलं होतं, "कालच्या धपाट्यात मीठ जास्त पडले."

मी हसले आणि हसता हसता थांबले. व्हिडिओत मीठ दिसतं का? ते कळायला धपाटं खावं लागतं!

दोन दिवसांनी दुसरी: "मागच्या दाराची कडी लावीत जा. काल उघडीच होती."

खरंच उघडी राहिली होती. त्या दिवसापासून मी कडी लावायची, पुन्हा जाऊन बघायची, पुन्हा बघायची.

मग तिसरी: "पोरीला पूर्णेच्या बसला एकटी सोडू नये."

आता सांगा, आईचं काय होईल? माझी लेक आठवीत.

आमचे हे परभणीला नोकरीला. सकाळी गाडीवर जातात ते दिवेलागणीला येतात. आल्या आल्या मी मोबाईल त्यांच्यापुढं धरला.

"लय झालं," हे म्हणाले. "ठाण्यात जाऊ."

"ठाण्यात? बाजारच्या दिवसापतोर गावभर व्हईल!"

"मग चॅनल बंद कर. रविवारपतोर बघतो, न्हाईतर मीच बंद करतो."

म्हणजे रविवारपर्यंत मलाच चोर शोधायचा होता. मी सगळ्या गावावर संशय घेतला. गिरणीवाल्यानं "दळण बारीक का जाड?" विचारलं, तरी वाटायचं, याला कशाला पाहिजेत आमच्या धपाट्यांच्या चौकशा? शेवटी वाटलं, हा मेला घरात शिरून खातोय. फडताळाला कुलूप ठोकलं!

तासाभरात कमेंट: "अन्नाला कुलूप लावू नये. लक्ष्मी रुसते."

अहो, तासाभरात! घराच्या आतलं! मी भिंतीला पाठ लावून बसले ती लेक शाळेतून येईपर्यंत.

तुम्ही म्हणाल, घरात मोठं माणूस नव्हतं का? होतं ना. आमचे मामा, म्हणजे माझे सासरे. पण आमच्याकडं सून-सासरा थेट बोलत नाहीत. सासूबाई होत्या तोवर ओसरीवरून निरोप यायचा, "सुनेला सांग, चहात साखर कमी हाय." गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या आणि निरोपच बंद झाले. मी ताट ठेवायचं, त्यांनी खाकरायचं, झालं. त्यांचा वेळ जावा म्हणून माझा काच फुटलेला जुना मोबाईल मी ओसरीवर ठेवला होता. दुपारभर त्यावर कीर्तन चालायचं. अशा माणसाला मी कुठल्या तोंडानं सांगू, की मला कुणीतरी छळतंय?

म्हणून शेजारच्या सुमनकाकूंना गाठलं. त्या म्हणाल्या, "असल्यास्नी भेलं की ते चढतेत. बोलाव त्याला! मी हाय ना."

मी व्हिडिओ टाकला. म्हणाले, "शुभचिंतका, उद्या दुपारी दोनला मी घरात एकटीच आहे. हिंमत असेल तर मागच्या दारानं ये!"

लगेच उत्तर आलं: "हे तू बरे केले नाही."

रात्रभर डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मामा सकाळीच शेतात गेले. हे परभणीला गेले. दोनच्या आधीच मी दारापाशी, हातात वाटीभर तिखट. काकू कोठीमागं दडलेल्या. पुराव्यासाठी मोबाईल फळीवर ठेवून लाईव्ह चालू केलं.

दार करकरलं. आधी आत आली एक काठी!

"आई गंऽऽ!" मी डोळे मिटून वाटी भिरकावली. आणि दारातून आला झळीचा वारा. सगळं तिखट माझ्याच तोंडावर!

मी आंधळी होऊन बोंबलतेय, आणि काठी पडायची वाट बघतेय. काठी काही पडेना. तेवढ्यात फळीवरचा मोबाईल टिंग झाला.

काकूंनी लटपटत येऊन वाचलं, "शुभचिंतकच गं! म्हणतोय, डोळे चोळू नको, गार पाण्यानं धू. अगं बया, ह्यो आपल्याला आत्ता बघायलाय!"

मी कसाबसा एक डोळा उघडला. दारात मामा. माझ्याकडं पाठ, तोंड भिंतीकडं, काठी काखेत, आणि दोन बोटं जुन्या मोबाईलवर.

आणि माझे संस्कार बघा! मी आधी पदर डोक्यावर ओढला. पदरात वाटीभर तिखट!

"भाऊजी, तुमी?" काकू ओरडल्या.

मामांना मधलं माणूस सापडलं. भिंतीकडं बघतच म्हणाले, "सांगा तिला. हिची सासू होती तवा बोलता यायचं. आता कुणाच्या तोंडानं बोलू? दार उघडं ऱ्हातं, पोरगी एकटी जाती, जीव ऱ्हात न्हाई माजा. अन् ही जगाला सांगायली, घरात एकटीच हाय म्हणून! मला काय ठावं, तुमी संगं म्हणून. शेतातून पळत आलो."

मला रडूच कोसळलं. तिखटाचं किती आणि त्यांच्या बोलण्याचं किती, देव जाणे. लग्नानंतर पहिल्यांदा मी थेट बोलले, "मामा, चुकलं माझं. आता तोंडानंच सांगत जा."

मामा खाकरले. तेव्हापासून ते तोंडानंच सांगतात, रोज, आणि भरपूर.

पण त्या गडबडीत लाईव्ह बंद करायचं कुणाला सुचतंय? सगळं ताडकळस, सगळं माहेर आणि परभणीच्या ऑफिसात आमचे हे बघत होते. धपाट्यांना कधी मिळाले नाहीत इतके बघणारे त्या दिवशी मिळाले. चॅनल वाचलं!

त्या व्हिडिओखाली सगळ्यात वर अजूनही शुभचिंतकाची कमेंट आहे: "तिखट फेकताना आधी वारा बघावा. लग्नाला पंधरा सुग्या झाल्या, सुनेला अजून धान्य उफणता येत नाही."

त्याला पहिलं लाईक आमच्या ह्यांचं आहे.